'शाबास' : अर्थ, व्युत्पत्ती आणि व्यवहारातील उपयोग

मराठी बोलणाऱ्या माणसाला 'शाबास' या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही. मूल पहिले पाऊल टाकते तेव्हा हा शब्द त्याच्या कानावर पडतो आणि पुढे शाळा, मैदान, कारखाना, कचेरी असा सर्वत्र तो त्याची सोबत करतो. मात्र तो कोणी कोणाला म्हणावा, केव्हा म्हणावा आणि केव्हा म्हणू नये, याचे काही अलिखित नियम आहेत. शिक्षकाच्या तोंडी हा शब्द रोज असल्यामुळे ते नियम माहीत असणे त्याच्या दृष्टीने विशेष गरजेचे आहे. कम्युनिटी कॉलेजमध्ये तर एकाच बाकावर अठरा वर्षांचा मुलगा आणि चाळिशीतील गृहिणी बसलेली असते. तेथे हा प्रश्न अधिकच नाजूक होतो.

शालेय व्याकरणात 'शाबास' हे प्रशंसादर्शक केवलप्रयोगी अव्यय म्हणून दिलेले असते. वाहवा, भले, छान, फक्कड, खाशी हे त्याचे सोबती. ही वर्गवारी चुकीची नाही, पण अपुरी आहे. शब्दाच्या मुळाकडे गेल्यास हे स्पष्ट होते.

व्युत्पत्ती

'शाबास' हा फार्सी 'शाबाश' या शब्दापासून आलेला असून 'शाबाश' हे 'शाद बाश' याचे संक्षिप्त रूप होय. 'शाद' म्हणजे आनंदी. 'बाश' हे 'असणे' या अर्थाच्या फार्सी धातूचे आज्ञार्थी रूप. दोन्ही मिळून अर्थ झाला, 'आनंदी राहा'. विवाह या अर्थी आपण ऐकतो तो 'शादी' हा शब्दही याच 'शाद'चा. फार्सीत त्याचा मूळ अर्थ केवळ आनंद एवढाच आहे.

यातून एक महत्त्वाची गोष्ट लक्षात येते. 'शाबास' या शब्दात कामाबद्दल काहीच म्हटलेले नाही. काम चांगले झाले, उत्तर बरोबर आले, असा कोणताही अभिप्राय त्यात नाही. ते माणसाला उद्देशून उच्चारलेले शुभचिंतन आहे. आपल्याकडील 'सुखी राहा' किंवा 'आयुष्मान भव' या आशीर्वचनांच्या जातीचा हा शब्द आहे. पुढे तो प्रशंसेच्या प्रसंगी वापरला जाऊ लागला आणि मूळ आशीर्वादाचा विसर पडला.

फार्सीत या शब्दाला आणखी एक अर्थ आहे. विवाहसमारंभात नाचणाऱ्या-गाणाऱ्यांवर उधळलेल्या किंवा त्यांना दिलेल्या पैशालाही 'शाबाश' म्हणतात. इराणमध्ये आज हाच अर्थ अधिक परिचित आहे आणि मुलाच्या पाठीवर थाप मारताना तेथे 'आफरीन' म्हणतात. आपल्या तमाशातील दौलतजादा ही याच प्रकारची गोष्ट. मराठीने मात्र 'शाबास'मधील पैसा सोडून दिला आणि शब्द तेवढा ठेवला. शाबासकीने पोट भरत नाही, ही तक्रार त्यामुळे मराठी माणूसच करू शकतो!

अखेरच्या 'श'चा 'स' का झाला, हेही पाहण्यासारखे आहे. सिफारिश–शिफारस, आराइश–आरास, पैदाइश–पैदास या जोड्या पाहाव्यात. फार्सी शब्दाच्या शेवटी येणारा 'श' मराठीत अनेकदा 'स' होतो. त्यामुळे 'शाबास' हा अपभ्रष्ट किंवा अडाणी उच्चार आहे, असे समजण्याचे कारण नाही. मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ ची आणि माधवराव पटवर्धनांचा (कवी माधव जूलियन) फार्शी-मराठी कोश १९२५ चा. अशा कोशांनी फार्सीतून आलेले शब्द मराठीचे म्हणूनच नोंदविले आहेत. 'शाबासकी' हे नामही मराठीने स्वतः घडविले. माणुसकी, पाटीलकी यांतील 'की' त्याला लागली आहे. हिंदी आणि उर्दूत 'शाबाशी' म्हणतात.

उज्जैनमधील दोन रूपे

हा भेद उज्जैनमध्ये रोज ऐकू येतो. उज्जैन हे मोगल काळात माळवा सुभ्याचे मुख्य ठाणे होते आणि दप्तराची भाषा फार्सी होती. अठराव्या शतकात राणोजी शिंदे यांनी येथे आपले ठाणे केले. त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकालेश्वराचे मंदिर पुन्हा उभारले. १८१० मध्ये दौलतराव शिंदे यांनी राजधानी ग्वाल्हेरजवळच्या लष्कर येथे नेली, तरी मराठी कुटुंबे येथे राहिलीच. हिंदीतील थोर कवी गजानन माधव मुक्तिबोध यांच्या आयुष्याचा काही काळ याच शहरात गेला. त्यांची मातृभाषा मराठी. त्यांचे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीत लिहीत. एकाच घरात दोन भाषांचे दोन कवी, हे माळव्यातील मराठी जीवनाचे नेमके चित्र आहे.

अशा घरातील मूल घरात 'शाबास' आणि शाळेत 'शाबाश' ऐकते. हिंदीच्या वहीत त्याने 'शाबास' लिहिले तर शिक्षकाने तांबडी रेघ जरूर मारावी, कारण प्रमाण हिंदी रूप 'शाबाश' आहे. परंतु 'तुमच्या घरी अशुद्ध बोलतात' असे त्याला सांगू नये. एकाच फार्सी शब्दाची ही दोन भाषांतील दोन शुद्ध रूपे आहेत आणि शिफारस–सिफारिश ही जोडी फळ्यावर लिहिली की हे दोन मिनिटांत समजते. बंगालीतही हा शब्द आहे. राजशाही विद्यापीठातील नितुन कुंडू यांच्या प्रसिद्ध शिल्पाचे नाव 'साबाश बांगलादेश' असे आहे. तमिळ श्रोतेही मैफलीत 'सबाश' म्हणून दाद देतात.

व्यवहारातील उपयोग

उत्साहाच्या भरात 'ब'चे द्वित्व होऊन 'शाब्बास' होतो. 'शाब्बास रे पठ्ठ्या' हा त्याचा तालमीतील थाट. येथे थोडे थांबावेसे वाटते. 'पठ्ठ्या' म्हणजे वस्तादाचा शिष्य. 'वस्ताद' हा फार्सी 'उस्ताद', आणि 'तालीम' हा अरबी शब्द असून त्याचा अर्थ शिक्षण. उर्दूत आजही शिक्षणाला तालीमच म्हणतात. मराठीने हा शब्द कुस्तीच्या आखाड्याला आणि नाटकाच्या सरावाला दिला, म्हणजे जेथे करून शिकावे लागते तेथे दिला. 'शाबास' खरा शोभतो तो तेथेच. डाव पूर्ण होण्याची वाट न पाहता, पोरगा धडपडत असतानाच वस्ताद 'शाबास!' म्हणतो. सायकल शिकणाऱ्या मुलीमागे धावणारा बापही तेच करतो. येथे शब्द प्रशंसेचा राहत नाही, प्रोत्साहनाचा होतो. काम अजून झालेलेच नसते.

'शाबास आहे तुझी' हा प्रयोगही ध्यानात घ्यावा. येथे अव्ययाचे स्त्रीलिंगी नाम झाले आहे. हे वाक्य खऱ्या कौतुकाचेही असते आणि उपरोधाचेही. दूध उतू गेल्यावर आई म्हणते ती 'शाबास' कोणती, हे मुलाला केवळ स्वरावरून कळते. वर्गात उपरोधाची शाबासकी देण्याची सवय काही शिक्षकांना असते. ती घातक आहे, कारण मग खरी शाबासकीही विद्यार्थी संशयाने ऐकू लागतात.

सर्वांत महत्त्वाचा नियम असा की, 'शाबास' वरून खाली जातो. आशीर्वाद थोराने धाकट्यास द्यावयाचा असतो, हे मूळ येथे टिकून आहे. बरोबरीचे मित्र एकमेकांना म्हणतात, पण नातू आजोबांना 'शाबास' म्हणत नाही, आणि म्हणालाच तर ती थट्टा ठरते. मुस्लिम घरांतून वडीलधाऱ्यांच्या बाबतीत 'माशाअल्लाह' म्हणण्याची सोय आहे. त्यात श्रेय ईश्वराकडे जाते, त्यामुळे लहान-मोठेपणाचा प्रश्न उरत नाही.

वर्गातील प्रश्न

म्युलर आणि ड्वेक या अमेरिकन संशोधकांचा १९९८ चा अभ्यास शिक्षकांच्या परिचयाचा असेल. 'तू हुशार आहेस' असे कौतुक झालेली मुले पुढे अपयश येताच लवकर खचली, तर मेहनतीचे कौतुक झालेली मुले अधिक चिकाटीने काम करीत राहिली, असे त्यात आढळले. 'शाबास' या दोहोंपैकी काहीच सांगत नाही. तो हुशारी म्हणत नाही, मेहनतही म्हणत नाही. म्हणून त्याच्यामागून एक वाक्य यावे लागते. 'शाबास, या वेळी हिशेबाची पडताळणी तू स्वतः केलीस' असे म्हटल्यावर विद्यार्थ्याला आपण काय केले ते कळते आणि ते पुन्हा करता येते. नुसता 'शाबास' दहा जणांना वाटला तर दहाव्याला तो ऐकू येत नाही.

प्रौढ विद्यार्थ्यांच्या बाबतीत मात्र हा शब्द जपूनच वापरावा. शिवणकामाच्या किंवा संगणकाच्या वर्गात आलेल्या, दोन मुलांच्या आईला तिशीच्या आतील शिक्षकाने 'शाबास' म्हटले, तर तिला आनंद होण्याऐवजी आपण लहान झालो असे वाटण्याचा संभव असतो. ती बोलून दाखवीत नाही, पण पुढच्या वेळी हात वर करीत नाही. 'छान केलंत', 'वा, हे तुम्हाला चांगलं साधलं' यांत आदरार्थी क्रियापद किंवा सर्वनाम येऊ शकते. 'शाबास'ला तशी सोय नाही. 'शाबास आहे तुमची' म्हणावे तर कानाला उपरोधच अधिक जाणवतो. वहीच्या समासात लिहितानाही हाच विवेक हवा. अठरा वर्षांच्या मुलाच्या वहीत 'शाबास' लिहावे. त्याच्या शेजारी बसलेल्या बाईंच्या वहीत 'बाही नीट बसली आहे, आता कॉलर करून पाहा' असे लिहावे.