माशाचा डोळा, टाकीचं पाणी

टाकीत पाळल्या जाणाऱ्या बहुतेक माशांना पापण्या नसतात. डोळ्याला काही खुपलं तर त्यांना तो मिटता येत नाही की चोळता येत नाही. डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा चोवीस तास पाण्यालाच भिडलेला असतो. त्यामुळे पाणी बिघडलं, की त्याची खूण बऱ्याचदा डोळ्यावर उमटते. मुंबईत कुर्ल्याहून किंवा क्रॉफर्ड मार्केटमधून हौसेने आणलेल्या गोल्डफिशचा डोळा पांढरा दिसला, की घाबरून दुकानातली औषधाची बाटली टाकीत रिकामी केली जाते. त्याआधी दोन कामं करायला हवीत: माशाकडे नीट बघणं आणि पाणी तपासणं.

काय बघायचं?

पहिला प्रश्न, बिघाड एका डोळ्यात आहे की दोन्ही डोळ्यांत? एकाच माशाचा एकच डोळा सुजला असेल, तर बहुधा मार लागलेला असतो. टोकदार दगड, प्लास्टिकची झाडं, दुसऱ्या माशाची धडक किंवा जाळीने पकडताना झालेली ओढाताण ही नेहमीची कारणं. दोन्ही डोळे बाहेर आले असतील, तर दोष शरीरात किंवा पाण्यात शोधावा. एरोमोनाससारख्या जिवाणूंचा संसर्ग झाला किंवा मूत्रपिंडाचं काम मंदावलं, की अंगात आणि डोळ्यामागे पाणी साठतं आणि डोळा पुढे ढकलला जातो. सोबत पोट फुगून खवले उभे राहिले असतील, तर दुखणं गंभीर आहे. एकाच वेळी अनेक माशांचे डोळे बिघडले, तर पहिला संशय पाण्यावर घ्यावा.

दुसरा प्रश्न, पांढरेपणा वर आहे की आत? टॉर्चचा उजेड बाजूने टाकून बघा. धुरकटपणा पृष्ठभागावर असेल, तर पुढचा पडदा दुखावला आहे. गोड्या पाण्यातल्या माशाच्या शरीरात बाहेरच्या पाण्यापेक्षा क्षार जास्त असतात. पडद्यावर ओरखडा उठला, की पाणी आत शिरतं, पडदा फुगतो आणि काच धुरकटावी तसा दिसतो. पृष्ठभाग स्वच्छ आणि बाहुलीच्या आत पांढरा गोळा दिसत असेल, तर तो मोतीबिंदू. तो औषधाने जात नाही. डोळ्यात बारीक बुडबुडे दिसले, तर पाण्यात वायू प्रमाणाबाहेर विरघळलेले असू शकतात. नळाचं गार पाणी थेट टाकीत सोडल्यावर असं होऊ शकतं.

ब्लॅक मूर जातीच्या गोल्डफिशचे डोळे मुळातच बाहेर आलेले असतात. तो आजार नव्हे. मात्र अशा माशाच्या टाकीत टोकदार सजावट अजिबात ठेवू नये.

उपचार पाण्यापासून

माशांची विष्ठा आणि उरलेलं खाणं यांतून अमोनिया तयार होतो. फिल्टरमधले उपयुक्त जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. टेस्ट किटमध्ये अमोनिया आणि नायट्राइट शून्य यायला हवेत, नायट्रेट ४० पीपीएमच्या खाली. नव्या टाकीत हे जिवाणू रुजायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुतला, तर क्लोरीनमुळे ते मरतात. तो टाकीतून काढलेल्याच पाण्यात पिळून घ्यावा.

आकडे बिघडलेले असोत वा नसोत, २५ ते ३० टक्के पाणी बदला. नवं पाणी क्लोरीन काढलेलं आणि टाकीतल्या पाण्याइतक्याच तापमानाचं हवं. साधा ओरखडा असेल, तर स्वच्छ पाण्यात एक-दोन आठवड्यांत डोळा बऱ्याचदा आपोआप निवळतो.

डोळा सुजून बाहेर आला असेल, तर आजारी माशाला हवेचा पंप लावलेल्या वेगळ्या टाकीत ठेवावं. तिथे २० लिटर पाण्याला चहाचा एक सपाट चमचा एप्सम सॉल्ट, आधी भांडंभर पाण्यात विरघळवून, हळूहळू घालावं. हे मॅग्नेशियम सल्फेट आहे, स्वयंपाकाचं मीठ नव्हे. त्याने सूज उतरायला मदत होते, संसर्ग मात्र बरा होत नाही. पाणी बदलाल तेव्हा जेवढं बदललं तेवढ्यापुरतंच सॉल्ट पुन्हा घालावं. सूज ओसरायला काही आठवडेही लागतात.

अँटिबायोटिक मात्र स्वतःच्या मनाने वापरू नका. मुख्य टाकीत ते फिल्टरमधल्या जिवाणूंनाही मारू शकतं आणि अर्धवट मात्रेने रोगजंतू निर्ढावतात. दोन्ही डोळे सुजले असतील, मासा खात नसेल किंवा अंगावर जखमा असतील, तर माशांची माहिती असलेल्या पशुवैद्याला दाखवा. रत्नागिरी, नागपूर आणि उदगीर इथे मत्स्यविज्ञान महाविद्यालयं आहेत, मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे. तिथल्या जाणकारांकडेही विचारणा करता येईल. माशांच्या काही संसर्गांचे जंतू माणसाच्या त्वचेतही शिरतात. हाताला जखम असेल तर हातमोजे घालूनच टाकीत हात घाला.

डोळा कायमचा गेला, तरी मासा टाकून देऊ नका. वास आणि अंगावरच्या पार्श्वरेषेला जाणवणारी पाण्याची हालचाल यांच्या आधाराने तो जगू शकतो. त्याची टाकी शांत ठेवा, सजावट हलवू नका आणि रोज एकाच कोपऱ्यात खाणं द्या. टाकीतल्या जिवाला पाणी बदलून घेता येत नाही. ते काम आपलं आहे आणि ते दर आठवड्याला, डोळा बिघडायच्या आधीच करायचं आहे.