राजनांदगावच्या गाडीत मिळालेले पुस्तक

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे चरित्र सांगायला बसले की आपली मराठी ख्रिस्ती मंडळी नाशिकहून निघतात, मुंबईला थांबतात आणि अहमदनगरला मुक्काम करतात. जन्म कोकणातल्या करजगावचा, शिक्षण आणि लग्न नाशिककडचे, बाप्तिस्मा मुंबईत, कविता आणि सेवा नगरला. विदर्भ त्यात एखाद्या वाक्यापुरता येतो. गोंदियात वाढलेल्या ख्रिस्ती माणसाला हे सलते, कारण ज्या प्रवासाने टिळकांचे आयुष्य फिरले तो आमच्या दारावरून झाला आहे. १८९३ साली ते नागपूरहून राजनांदगावला रेल्वेने निघाले होते. कामठी, भंडारा रोड, तुमसर रोड, मग वैनगंगा ओलांडून तिरोडा, गोंदिया, आमगाव, सालेकसा, दरेकसा आणि पुढे डोंगरगड. तिरोड्यापासून दरेकशापर्यंतची ही वाट आज गोंदिया जिल्ह्यात आहे. हा जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. टिळकांच्या वेळी सगळा भंडाराच होता.

ती रेल्वेही तेव्हा नवीच होती. आधी नागपूर-छत्तीसगड रेल्वे या नावाने मीटरगेज रूळ पडले, १८८०च्या दशकाच्या आरंभी ते राजनांदगावपर्यंत पोहोचले आणि छत्तीसगडचे धान्य बाहेर निघू लागले. पुढे बंगाल नागपूर रेल्वेने ही लाइन घेऊन ती ब्रॉडगेज केली आणि १८९१ साली नागपूर थेट आसनसोलशी जोडले गेले. सातपुड्यातून जबलपूरकडे जाणारी नॅरोगेज विसाव्या शतकाच्या आरंभी आली, तेव्हा गोंदिया मोठे जंक्शन झाले.

टिळक या गाडीत बसले ते पोटासाठी. तिशी ओलांडलेला, संस्कृत कोळून प्यालेला, पण एका जागी न टिकणारा हा माणूस नागपुरात श्रीमंत आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांचे काम करत होता. ‘ऋषी’ नावाचे धर्मविषयक मासिकही त्याने चालवले. वेदांत झाला, वादविवाद झाले, तरी मनाचे समाधान होईना. जातिभेदाने पोखरलेला आपला देश एक कसा होणार, हा त्यांचा खरा प्रश्न होता. राजनांदगाव संस्थानात काम मिळण्याची आशा होती, म्हणून ते निघाले.

डब्यात एक गोरा माणूस बसला होता. त्या काळी नेटिव्ह माणसाने गोऱ्याच्या डब्यात शिरताना अपमानाची तयारी ठेवलेली असे. या गृहस्थाने मात्र सौजन्याने वागवले आणि संस्कृत काव्याचा विषय काढला. गप्पांतून गोष्ट धर्मावर आली. उतरण्याआधी त्याने टिळकांच्या हातात नवा करार ठेवला, तो वाचण्याचे वचन घेतले आणि तुम्ही दोन वर्षांच्या आत ख्रिस्ती व्हाल, असे सांगितले. टिळकांनी पुढे ही हकिकत लिहिली, तीत त्या माणसाचे नाव नाही. अभ्यासकांनी नंतर तर्क केले. फ्री मेथडिस्ट मिशनरी अर्नेस्ट वॉर्ड यांचे नाव बरेचदा घेतले जाते. मला स्वतःला तो माणूस निनावी राहिलेला अधिक बरा वाटतो. पुस्तक दिले, वचन घेतले आणि उतरून गेला; मागे लकडा लावायला कोणी उरला नाही.

संस्कृत काव्याची गोष्ट ज्या गाडीत निघाली ती आमगाववरून गेली, हे माझ्या मनातून जात नाही. आमगावला लागून पद्मपूर आहे. ‘मालतीमाधव’च्या प्रस्तावनेत भवभूती आपल्या घराण्याचे मूळ गाव दक्षिणापथातले पद्मपूर सांगतो, आणि महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी ते हेच, असे दाखवून दिले. त्या दोघा प्रवाशांना याची कल्पना असण्याचे कारण नव्हते. ‘उत्तररामचरित’ लिहिणाऱ्या कवीच्या गावाच्या शिवेवरून टिळकांची गाडी गेली, एवढे मात्र नकाशा सांगतो.

पुढे दरेकसा. इथे डोंगर जवळ येतात, बोगदा लागतो, आणि याच रांगेत धनेगावजवळ कचारगडची प्रचंड गुहा आहे. माघी पौर्णिमेला गोंड समाज चार-पाच राज्यांतून इथे येतो. काली कंकालीची कोंडलेली तेहतीस लेकरे पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांनी या गुहेतून सोडवली, ही त्यांची श्रद्धा. ख्रिस्ती माणसाला इथे एक नाव आठवलेच पाहिजे: स्टीफन हिस्लॉप. १८४५च्या सुमारास नागपुरात आलेला हा स्कॉटिश मिशनरी शाळा काढत, दगड तपासत आणि गोंडांची गाणी उतरवून घेत हिंडला. लिंगोचे दीर्घ गीत त्याने टिपून ठेवले. १८६३ साली तो ओढ्याच्या पुरात वाहून गेला आणि १८६६ साली रिचर्ड टेंपल यांनी त्याचे कागद छापले. देव सांगायला आलेला माणूस दुसऱ्याच्या देवाचे गाणे इतक्या मनापासून ऐकतो, हा मला आमच्या मिशनच्या इतिहासातला सर्वांत सुंदर भाग वाटतो. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज सगळ्यांना माहीत असते, लिंगोच्या गीताचे हे ऋण फारसे कोणाला माहीत नसते.

टिळकांनी पुस्तक उघडले ते दिलेल्या शब्दाखातर. मत्तयाच्या शुभवर्तमानातले डोंगरावरचे प्रवचन, पाचवा ते सातवा अध्याय, वाचताना मात्र ते तिथून उठू शकले नाहीत. बरीच वर्षे उराशी बाळगलेल्या प्रश्नांची उत्तरे तिथे मिळाली, असे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. मग चोरून वाचन, टोपणनावाने पत्रव्यवहार, अमेरिकन मराठी मिशनच्या जस्टिन अ‍ॅबट यांच्याशी ओळख. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. गोऱ्या मिशनरीच्या हातून नको, देशी पाळकाच्या हातून हवा, हा त्यांचा हट्ट होता. तो रेव्हरंड तुकाराम नाथोजी यांनी पुरा केला. धर्मांतराचा विषय निघाला की आमिष आणि सक्ती हे दोनच शब्द आज कानांवर येतात. टिळकांच्या बाबतीत दोन वर्षांचे वाचन होते आणि मिळकतीच्या बाजूला घर तुटणे, नातलग दुरावणे आणि बायकोचे डोळे कोरडे न होणे होते.

ती बायको लक्ष्मीबाई. या कथेत मी टिळकांपेक्षा त्यांच्याकडे जास्त ओढला जातो. अकराव्या वर्षी लग्न झालेली जलालपूरची मनकर्णिका गोखले, सोवळ्याच्या कडक वळणात वाढलेली. नवऱ्याने धर्म बदलला तेव्हा तिला कोणी विचारले नव्हते. चारपाच वर्षे ती वेगळी राहिली, पंढरपुरात बहिणीच्या आधाराने दिवस काढले. मग मुलाला घेऊन नवऱ्याकडे आली ती धर्म न सोडता. तिची चूल वेगळी, पाणी वेगळे. टिळकांनी जबरदस्ती केली नाही, ही त्यांच्या मोठेपणाची खूण. ‘स्मृतिचित्रे’ या आपल्या आत्मचरित्रात हा काळ तिने मोकळेपणाने, हसतरडत सांगितला आहे. एक दिवस विचार करता करता तिला उमगले की जाती देवाने केलेल्या नाहीत, माणसाने केल्या आहेत. त्या दिवसापासून कोणाच्याही हातचे खायचे-प्यायचे, असे तिने ठरवले. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा, राहुरीचा.

हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. टिळकांचे परिवर्तन एका पुस्तकातून झाले, लक्ष्मीबाईंचे पाण्याच्या भांड्याशी झाले. विश्वास म्हणजे काय हे मी चर्चमध्ये शिकलो असेन, पण मंडळी म्हणजे काय हे मला ‘स्मृतिचित्रे’नेच शिकवले. कोणाच्या घरी बसून जेवता येते आणि कोणाच्या घरी येत नाही, यावर ती ठरते. आमच्यातही जातीची जुनी आठवण पुसली गेलेली नाही. सोयरिकीच्या वेळी ती हळूच वर येते. प्रभुभोजनाला एका रांगेत गुडघे टेकणारी माणसे लग्न जमवताना मूळ गाव आणि आडनाव विचारतात. लक्ष्मीबाईंनी सव्वाशे वर्षांपूर्वी जे एका दिवसात टाकले, ते आम्ही अजून पुरते टाकलेले नाही, आणि कोणताही नाताळ त्यावर पांघरूण घालू शकत नाही.

टिळकांचा दुसरा हट्ट गाण्यांचा. विलायती चालींवर ओढूनताणून बसवलेल्या मराठी शब्दांनी आपल्या माणसाचे मन द्रवणार नाही, हे त्यांना उपजत कळले. त्यांनी ख्रिस्ताला अभंगात आणि ओवीत आणले. त्यांच्या तीनशे वर्षे आधी गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली ‘क्रिस्तपुराण’ ओव्यांतच छापले होते. नगरकडे ख्रिस्ती कीर्तनही रुजले होते. टिळकांच्या हाती मात्र हे सगळे जिवंत झाले. शेकडो पदे लिहिली, ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाचे मराठी संपादन सांभाळले, शेवटी १९१७ साली मिशनच्या नोकरीतून बाहेर पडून ‘देवाचा दरबार’ हा संन्यस्त मार्ग धरला आणि ९ मे १९१९ रोजी गेले. ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अर्धवट राहिले. दहाएक अध्याय त्यांचे. पुढचे चौसष्ट लक्ष्मीबाईंनी लिहिले, ज्यांना अक्षरओळखही लग्नानंतर झाली होती. ग्रंथ १९३८ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा त्याही नव्हत्या.

गोंदियाच्या आमच्या मंडळीत टिळकांच्या घराण्यातले कोणी नाही, नगरकडचेही थोडेच. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती १०,८०,०७३, म्हणजे एक टक्क्याच्या आतच. आमच्या जिल्ह्यात तर शंभरात एकही भरत नाही. जे आहेत त्यांतल्या बऱ्याच जणांना रेल्वेने, दवाखान्याने किंवा शाळेने इथे आणले. कोणाचे आजोबा गार्ड, कोणाची आजी नर्स. कोणाच्या घरात तेलुगू, कोणाच्या ओडिया, कोणाच्या छत्तीसगडी आणि सगळ्यांना जोडायला हिंदी. रस्त्यात भेटल्यावर कोणी ‘जय ख्रिस्त’ म्हणते, कोणी ‘जय मसीह की’. वेगवेगळ्या मिशनांच्या भिंती पाडून उत्तर भारतातली मंडळी एकत्र आली ती नागपुरातच, २९ नोव्हेंबर १९७० रोजी. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना तिथे ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या आवारात झाली. रोमन कॅथलिकांचा नागपूर धर्मप्रांत त्याहून जुना, १८८७चा. इथे मात्र एकमेकांच्या मयतीला आणि लग्नाला जाताना कोण कुठल्या चर्चचा, हे कोणी विचारत नाही. थोडे असण्याचा हा फायदा.

सणांचे म्हणाल तर धानाच्या या मुलखात वर्षाची चाल शेत ठरवते. दिवाळीनंतर झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते, दंडार आणि नाटके रात्र जागवतात, आणि आगमनकाळाचे रविवार सुरू होतात तेव्हा भारी धानाची कापणी-मळणी चालू असते. खेड्यातले कुटुंब मळणी आटोपून नाताळला गावात येते. हंगामाच्या उपकारस्तुतीला वेदीसमोर धानाच्या ओंब्या, भोपळे, लाखोळीची डाळ आणि कोंबडीची जोडी येते, मग आराधनेनंतर त्यांचा लिलाव होतो. एक लौकी दहापट भावाने जाते आणि पैसे मंडळीच्या कामाला लागतात.

आमच्या घरी नाताळचा पहिला पदार्थ अनारसा. दिवाळीला शेजारच्या काकू करत, त्यांच्याच हाताखाली आई शिकली. तांदूळ तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचे, चौथ्या दिवशी उपसून पंचावर सावलीत पसरायचा. हाताला दमट लागतो तोवरच कांडायचा, चाळायचा आणि किसलेला गूळ घालून गोळा दाबून ठेवायचा. तळताना अनारसा खसखशीवर थापतात आणि खसखशीची बाजू वर ठेवूनच तुपात सोडतात. उलटायचा नसतो, झाऱ्याने वरून तूप उडवायचे. पीठ ओले राहिले की कढईत अनारसा हसतो, म्हणजे विरघळून पसरतो. आई म्हणायची, “हसला तर हसू दे, पुढचा बसेल.” दिवाळीला काकूंकडून आलेले ताट आमच्याकडून रिकामे गेले नाही आणि नाताळला आमचे त्यांच्याकडून रिकामे आले नाही. उपवासकाळाच्या चाळीस दिवसांत तर काकू आईला विचारायच्या, “आज काय चालतं तुम्हाला?” आणि त्याप्रमाणे करून आणायच्या.

काळजी आहे ती गाण्यांची. चोवीस डिसेंबरच्या रात्री आमची कॅरल पार्टी निघते ती आता बहुतेक हिंदी कोरस गाते, मोबाइलवरून ऐकून पाठ केलेले. मुले मनापासून गातात, गिटार छान वाजवतात, त्यात वाईट काही नाही. पण टिळकांची पदे आता फक्त पुढच्या बाकांवरच्या दोन-तीन आजीबाईंना तोंडपाठ आहेत आणि त्यांच्या चाली कुठल्याच पुस्तकात लिहिलेल्या नाहीत. ‘उपासना संगीता’त शब्द सापडतील; पद कुठे लांबवायचे, टाळ कुठे थांबायचा, दुसऱ्या कडव्याला आवाज कसा खाली आणायचा, हे त्या आजींच्या गळ्यातच आहे. शब्दांची पाठांतर-स्पर्धा घेऊन हे वाचणार नाही. आमच्यातल्या गिटारवाल्या मुलांनी एकेका आजीजवळ बसून, पेटीवर सूर धरून, पदे ध्वनिमुद्रित करायला हवीत. ही विनंती मी या वर्षी मंडळीच्या सभेत मांडली. पाळकसाहेबांनी होकार दिला, आणि एका तेलुगूभाषक घरातल्या कॉलेजकन्येने पहिले नाव दिले. मराठी तिला वाचता येते, म्हणायला अडखळते. पहिल्या दिवशी तिने आजींना विचारले, “अभंगात टाळ कोण धरतं?” आजींनी आपल्या पिशवीतून टाळ काढून तिच्या हातात दिले.