‘नथिंगफेस’ : एका ध्वनिमुद्रिकेच्या नावाचा समासविचार

‘व्हॉयव्हॉड’ या कॅनेडियन वाद्यवृंदाची ‘नथिंगफेस’ ही ध्वनिमुद्रिका १९८९ साली प्रसिद्ध झाली. थ्रॅश मेटल हा द्रुतगती व कर्कश संगीतप्रकार १९८० नंतरच्या काही वर्षांत रुजला. त्याच्या ज्या शाखेने केवळ वेगावर न विसंबता विषम मात्रांची आवर्तने आणि विसंवादी स्वरसमूह जवळ केले, त्या शाखेत या कृतीची गणना होते. गिटारवादक दनी दामूर याचे स्वरसमूह कानाला प्रथम चुकल्यासारखे वाटतात. दोनचारदा ऐकल्यावर त्यांमागील नियम जाणवू लागतो. प्रस्तुत लेखकाच्या मते शब्दांच्या बाबतीतही नेमके हेच घडते, आणि येथे विचार करावयाचा आहे तो शब्दांचाच.

वाद्यवृंदातील चौघेही क्वेबेक प्रांतातील झाँक्येर या गावचे, म्हणजे फ्रेंचभाषक. क्वेबेकमध्ये १९७७ साली फ्रेंच भाषेची सनद कायदा म्हणून संमत झाली. त्यानंतर पाचसहा वर्षांतच ही मंडळी इंग्रजीत गाऊ लागली. अशा स्थितीत त्यांच्या भाषेत कोठे वेगळेपण दिसले, की ती परभाषिकाची चूक असे म्हणून मोकळे होण्याचा मोह पडतो. तो कितपत रास्त आहे?

‘नथिंग’ म्हणजे काही नाही, ‘फेस’ म्हणजे चेहरा. ज्याचा चेहरा म्हणजे काहीच नाही तो, असा विग्रह केल्यास हा सरळ बहुव्रीहि होतो. आपण त्याला ‘शून्यमुख’ म्हणू. परंतु ‘शून्य हाच चेहरा’ असा कर्मधारयही संभवतो. वैदिक भाषेत हा भेद स्वरावरून कळे. ‘इंद्रशत्रु’ शब्दाचा स्वर चुकल्याने झालेल्या अनर्थाची कथा महाभाष्याच्या अभ्यासकांस ठाऊकच आहे. इंग्रजीत दोन्ही प्रकारच्या समासांत आघात बहुधा पूर्वपदावरच पडतो, त्यामुळे तेथे संदिग्धता तशीच राहते. (पाश्चात्त्य व्याकरणकारांनी ‘बहुव्रीहि’ ही संज्ञा आपल्याकडूनच घेतली, हे जाता जाता नमूद करावे.) शिवाय दोन नामे नुसती शेजारी ठेवून उत्तरपदास प्राधान्य देण्याची इंग्रजीची ही सवय फ्रेंचची नव्हे. फ्रेंचमध्ये मुख्य पद सामान्यतः आधी येते व विशेषक मागाहून, पुष्कळदा शब्दयोगी अव्ययाच्या साहाय्याने. म्हणजे ज्या रचनेत इंग्रजी फ्रेंचपासून सर्वांत दूर जाते, नेमकी तीच या गीतकारांनी शीर्षकासाठी निवडली आहे.

‘इनर कम्बशन’ हे शीर्षक अधिक उद्बोधक आहे. इंजिनाच्या अंतर्ज्वलनासाठी इंग्रजीत ‘इंटर्नल कम्बशन’ हा संकेत पक्का आहे. ‘इंटर्नल’च्या जागी ‘इनर’ येताच यंत्राचा अर्थ पुसट होतो व मनाचा पुढे येतो. ही चूक म्हणावी, तर तिच्या लगतचे गीत ‘प्री-इग्निशन’ आहे, ठिणगी पडण्याआधीच इंधन पेटण्याच्या दोषाचे यंत्रशास्त्रीय नाव, आणि ते अगदी अचूक वापरले आहे. ज्याला एक पारिभाषिक शब्द बिनचूक येतो, त्याला त्याहून परिचित असलेला दुसरा येत नव्हता, हे संभवत नाही. ‘द अननोन नोज’ या शीर्षकात तर एकाच धातूची दोन रूपे समोरासमोर उभी आहेत : जे कोणी जाणलेले नाही, तेच जाणते. हा धातू आपल्या ‘ज्ञा’चा सगोत्र असल्यामुळे ‘अज्ञातच ज्ञाता’ असे म्हटल्यास मराठीतही खेळ साधतो. फ्रेंचमध्ये त्याच खटपटीला दोन वेगळे धातू वापरावे लागले असते.

दामूर २००५ साली निवर्तला. संगणकावर त्याने मागे ठेवलेल्या गिटारवादनाच्या आधारे २००६ साली जी ध्वनिमुद्रिका निघाली, तिचे नाव ‘कातोर्झ’. शब्द फ्रेंच, अर्थ चौदा. मात्र वर्णलेखन फ्रेंच परंपरेचे नव्हे, तर जसे ऐकू येते तसे, ‘के’ने आरंभ होणारे.