गाडी ओली झाली की स्पार्क का जातो?

उल्हास नदीला पूर आला की कुळगाव-बदलापुरात गॅरेजबाहेर बंद पडलेल्या गाड्यांची रांग लागते. 26 जुलै 2005 च्या महापुरानंतर तर ती हटतच नव्हती म्हणा. जुन्या राजदूत-येझदीत प्लॅटिनम पॉइंट असत. घासून-पुसून काम भागे. 1994 च्या स्प्लेंडरसारख्या गाड्या असणाऱ्याला मात्र सीडीआय नावाचा काळा डबा मिळतो आणि ‘डबा गेला’ हे निदान ऐकावं लागतं.

जुन्या एसी सीडीआयमध्ये मॅग्नेटोची कॉइल कपॅसिटर भरते. पल्सर कॉइल इशारा देते, तसा कपॅसिटर एका झटक्यात इग्निशन कॉइलमध्ये रिकामा होतो. डबा रेझिनने भरलेला, म्हणजे दुरुस्ती नाही, थेट बदली. म्हणून त्याच्यावर आळ घेण्याआधी किल स्विचची वायर (होंडाच्या धाटणीत काळी-पांढरी) डब्यापाशी काढा. त्या वायरीला अर्थ मिळाला की इंजिन बंद होतं. स्विचमध्ये पाणी शिरलं तरी तेच. वायर काढल्यावर ठिणगी आली, तर डबा निर्दोष. तपासताना प्लग इंजिनला टेकवून धरा. नाही आली, तर पुढे हिरवट थर चढलेले कनेक्टर तपासा, मग पल्सर कॉइलचा रोध. इंजिन तापल्यावरच गाडी बंद पडत असेल तर ही कॉइल गरम असतानाच मोजा. थंड झाली की ती साळसूद आकडा दाखवते.