बाळंतपणातले टाके: लाज नको, काळजी हवी

नॉर्मल डिलिव्हरीत योनी आणि गुदद्वार यांच्यामधली जागा फाटणं, विशेषतः पहिल्या खेपेला, नेहमीचंच आहे. तरी आपल्या घरांत आपण यावर बोलत नाही. डॉक्टर याचे ४ प्रकार मानतात. पहिल्यात फक्त त्वचा फाटते, दुसऱ्यात आतले स्नायूही. तिसरा आणि चौथा प्रकार गुदद्वाराच्या स्नायूंपर्यंत जातो, त्याला भरायला जास्त वेळ लागतो. टाके बहुधा आपोआप विरघळतात.

घरी काय करावं?

- सुरुवातीचे २-३ दिवस कापडात गुंडाळलेला बर्फ १० मिनिटं ठेवावा.
- कोमट पाण्याने पुढून मागे धुवावं, टिपून कोरडं करावं. पॅड वारंवार बदलावं.
- जोर लावून शौच केल्यास टाके ताणले जातात. म्हणून भाज्या, फळं आणि भरपूर पाणी द्यावं. ‘बाळंतिणीला पाणी कमी द्या’ हा समज सोडू या.
- शेगडीची धुरी टाक्यांवर घेऊ नये, चटका बसतो.

ताप, दुर्गंधी, वाढतं दुखणं, टाके उसवणं किंवा शौच-वायूवर ताबा न राहणं, यातलं काहीही दिसलं तर चिल्ल्याचे ४० दिवस संपायची वाट पाहू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा. ताबा सुटण्यावर इलाज आहे. बाळंतीण शरमेने गप्प राहील. सासूबाईंनी आणि शौहरनेच आधी विचारावं, असं आम्हाला वाटतं.