शर्यत संपते, कमाई सुरू होते

फ्लाइटलाइन हा शर्यतीचा घोडा सहा शर्यती धावला, सहाही जिंकला. नोव्हेंबर 2022 मध्ये केंटकीत ब्रीडर्स कप क्लासिक सव्वाआठ लांबींनी मारली आणि वयाच्या चौथ्या वर्षीच निवृत्त झाला. घोडा धडधाकट होता; गणित प्रजननातून मिळणाऱ्या पैशाचं होतं. लगेच त्याचा अवघा अडीच टक्के हिस्सा 46 लाख डॉलरना विकला गेला. पुढच्या हंगामात एका घोडीमागे प्रजननाचं शुल्क 2 लाख डॉलर, तेही शिंगरू जन्मून उभं राहिलं, दूध प्यायलं तरच. थरोब्रेड या शर्यतीच्या घोड्यांच्या जातीत नोंदणीला कृत्रिम रेतन चालत नाही, प्रत्यक्ष समागमच लागतो. तरी मागणी असलेला नर हंगामात शंभरावर माद्या फळवतो. मैदानात पाय मोडला तर हे सगळंच बुडालं. खच्ची केलेल्या घोड्यांना ही वाटच नाही, म्हणून ते वर्षानुवर्षं धावतात. प्रेक्षकांचा जीव जडायला वेळ मिळतो तो त्यांच्यावरच!