पेटंटचा वाद आणि घरातला तिसरा माणूस

पेटंटच्या खटल्यात दोनच पक्ष असतात, असं आपण धरून चालतो. आज आपण अमेरिकेतला एक खटला पाहू. त्यात तिसराही एक होता, पण तो न्यायालयात नव्हता. घरी टीव्हीसमोर बसलेला होता.

१९९९ मध्ये टिवो कंपनीने एक यंत्र बाजारात आणलं. चालू कार्यक्रम मध्येच थांबवायचा, मागे न्यायचा, एक बघताना दुसरा साठवायचा, हे सगळं हार्ड डिस्कवर. त्याच वर्षी रिप्ले टीव्ही नावाचं तसंच दुसरं यंत्रही आलं. म्हणजे कल्पना एकाच डोक्यात नव्हती. टिवोला २००१ मध्ये पेटंट मिळालं. २००४ मध्ये तिने डिश नेटवर्क चालवणाऱ्या एकोस्टारवर टेक्सासमध्ये दावा लावला आणि २००६ मध्ये ज्युरीने तिला सुमारे ७.४ कोटी डॉलर भरपाई दिली.

हे न्याय्य होतं का? पेटंट हा एक सौदा आहे. शोध कसा चालतो ते जगाला उघड सांगा, मोबदल्यात अर्जापासून २० वर्षं मक्ता घ्या. ‘टीव्ही थांबवता यावा’ ही इच्छा कोणाच्याच मालकीची नाही. ती पुरी करण्याची विशिष्ट रीत तेवढी मालकीची. ती रीत परवानगीशिवाय वापरली, तर पैसे द्यायलाच हवेत. इथवर आम्हाला टिवोची बाजू पटते.

पण न्यायालय पुढे गेलं. काही संच वगळता, ग्राहकांच्या घरी आधीच बसवलेल्या संचांतली रेकॉर्डिंगची सोय बंद करा, असा हुकूम झाला. लोकहिताचा विचार झाला नाही असं नाही. पण ही करमणुकीची वस्तू, सार्वजनिक आरोग्याशी तिचा संबंध नाही, असं म्हणून तो मुद्दा मिटला.

एकोस्टारने सोय बंद केली नाही. सॉफ्टवेअर बदललं आणि आता आमची रीत वेगळी आहे, असं सांगितलं. २०११ मध्ये अपील न्यायालयाच्या पूर्ण पीठाने, नवी रीत खरोखर वेगळी आहे का, हा प्रश्न फेरविचारासाठी खाली पाठवला. बंदीचा हुकूम मोडल्याचा ठपका मात्र कायम ठेवला. हुकूम फार व्यापक वाटत होता तर तेव्हाच अपिलात सांगायचं होतं, असं त्याचं म्हणणं. त्यानंतर लगेच ५० कोटी डॉलरवर तडजोड झाली आणि संच चालू राहिले.

आता बघा, ज्याने रीतसर पैसे मोजून सेवा घेतली, त्याने कोणाचं काय चोरलं होतं? लॉक म्हणतो, श्रमाने मालकी येते. पण इतरांसाठी पुरेसं आणि तितकंच चांगलं उरलं पाहिजे, ही अटही तोच घालतो. शोधकाचं नुकसान पैशांनी भरून निघत असेल, तर दुसऱ्याच्या घरातली वस्तू निकामी करण्याचा अधिकार त्याला नसावा, असं आम्हाला वाटतं. भांडण दोघांचं, तर दंडही त्या दोघांतच मिटावा.